साहेबांची तक्रार, साहेबांकडेच?

"एवढं होत होतं, तर आधीच का नाही बोलली?" कामाच्या ठिकाणच्या छळाची बातमी आली की हा प्रश्न हमखास येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या एका तरुण महिला डॉक्टरनं आयुष्य संपवलं. तिच्या तळहातावरच्या मजकुरात एका पोलीस उपनिरीक्षकावर बलात्काराचा आरोप होता. तेव्हाही सातारा-सांगलीच्या एस.टी. स्टँडांवर आणि चहाच्या गाड्यांवर लोक हेच विचारत होते. नंतर बातम्यांतून पुढं आलं, की ती बोलली होती. पोलीस आपल्यावर दबाव आणतात, अशी लेखी तक्रार तिनं काही महिने आधीच वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे दिली होती. खरं-खोटं न्यायालयात ठरेल. त्याआधी मार्च २०२१ मध्ये मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली. त्यांच्या पत्रातही वरिष्ठ अधिकाऱ्याकडून होणाऱ्या छळाचे आरोप होते.

दोघीही शिकलेल्या, सरकारी नोकरीतल्या, अधिकारपदावरच्या. त्यांची ही गत, तर पतसंस्थेत काउंटरवर बसणाऱ्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या बाईनं बोलायचं म्हटलं तर कुणाकडे? रजेच्या अर्जावर सही ज्याची, त्याच्याविरुद्धचा अर्जही त्याच्याच टेबलावर ठेवायचा का? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याची सगळी रचना या एका अडचणीभोवती उभी आहे. तिचा नीट वापर करायचा तर आधी ती अडचण पाहू.

ड्यूटी चार्टवरची पेन्सिल

समजा, मिरजेतल्या एखाद्या खासगी रुग्णालयात एक सिस्टर काम करते. ड्यूटी चार्ट लावणारा सुपरवायझर आधी "आज छान दिसताय" म्हणतो, मग रात्री अकराला मेसेज पाठवतो, मग "एकदा बाहेर भेटू, तुमचं पर्मनंटचं बघतो" म्हणतो. ती नाही म्हणते. तो आवाज चढवत नाही, धमकीही देत नाही. पुढच्या महिन्याचा चार्ट लागतो तेव्हा मात्र तिच्या नावापुढं दोनाऐवजी नऊ रात्रपाळ्या असतात. साप्ताहिक सुट्टी रविवारवरून मंगळवारवर गेलेली असते. मामाच्या मुलीच्या लग्नाला मागितलेली रजा "स्टाफ कमी आहे" म्हणून नामंजूर होते. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर कुणालाही साधी कारभाराची बाब वाटेल. हे सगळं एका 'नाही'नंतर झालंय, एवढं फक्त त्या दोघांना ठाऊक असतं.

सहकाऱ्यानं दिलेला त्रास आणि साहेबानं दिलेला त्रास यात फरक पडतो तो इथं. साहेबाला हात लावायचीही गरज पडत नाही. पाळी, रजा, पगारवाढ, बदली, गोपनीय अहवाल ही त्याची रोजची हत्यारं, आणि ती कायदेशीर आहेत. म्हणून कायदा लैंगिक छळाची व्याख्या दोन थरांत करतो. पहिल्या थरात नकोशी वागणूक येते : स्पर्श किंवा लगट, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रं-व्हिडिओ दाखवणं, आणि शब्दानं किंवा खुणेनं केलेलं कुठलंही लैंगिक स्वरूपाचं नकोसं वर्तन. दुसऱ्या थरात त्या वागणुकीला जोडून येणारी सत्ता येते : "ऐकलंस तर फायदा", "नाही ऐकलंस तर बघ", नोकरी जाण्याची भीती घालणं, काम करणं अशक्य होईल असं वातावरण करणं, तब्येतीवर परिणाम होईल इतका अपमान करणं. हे उघड बोलून दाखवायलाच हवं असंही नाही, वागण्यातून सूचित झालं तरी पुरे. त्यामुळं त्या सिस्टरनं दोन महिन्यांच्या चार्टचे फोटो काढून ठेवले असतील, तर साहेबाची पेन्सिल त्याच्याच विरुद्ध साक्ष देऊ शकते.

आधी फ्यूज काढायचा

लाइन दुरुस्त करायला खांबावर चढण्याआधी वायरमन फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालतो. दुरुस्ती चालू असताना खालून कुणी चुकूनही वीज सोडू नये म्हणून. कायद्यातला अंतरिम दिलासा नेमकं हेच काम करतो, आणि मला विचाराल तर या कायद्यातला सर्वांत हुशारीचा आणि सर्वांत कमी वापरला जाणारा भाग हाच आहे.

तक्रार दाखल झाली, की चौकशी चालू असतानाच बाई तक्रार ऐकणाऱ्या समितीकडे लेखी मागणी करू शकते. तिची किंवा त्या साहेबाची बदली करा, अशी शिफारस समिती करू शकते. नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंतची रजा तिला मिळू शकते. नियमांत आणखी एक तरतूद आहे : त्या साहेबानं तिच्या कामाचं मूल्यमापन करायचं नाही, तिचा गोपनीय अहवाल लिहायचा नाही, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायचं. समितीनं शिफारस केली, की ती अमलात आणून तसं समितीला कळवणं मालकावर बंधनकारक आहे.

मात्र हे आपोआप होत नाही, मागावं लागतं. आणि कायदा 'तिची किंवा त्याची' बदली म्हणत असला, तरी आपल्याकडे उचलबांगडी बहुतेक वेळा तिचीच होते, तीही 'तुमच्याच सोयीसाठी'. अर्जात काय हवंय ते स्पष्ट लिहिलेलं बरं : माझी बदली नको, माझा चार्ट आणि रजा दुसऱ्या कुणाकडे द्या.

भटेरीतून सुरू झालेलं, पुण्यात पुढं गेलेलं

१९९२ मध्ये राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करत होत्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. सरकारनं सांगितलेलं काम करताना हे घडलं, तर जबाबदारी कुणाची? हा प्रश्न महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी 'विशाखा' निकाल आला. कायदा होईपर्यंत प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती हवी, असं न्यायालयानं सांगितलं.

समित्या कागदावर आल्या, पण एक चलाख पळवाट उरली. समितीनं दोषी ठरवलं तरी कार्यालय म्हणायचं, ही प्राथमिक चौकशी झाली, आता खातेनिहाय चौकशी नव्यानं करू. म्हणजे बाईनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, तेही साहेबाच्याच गोटातल्या माणसांपुढं. पुण्यातल्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी अंमलबजावणीतल्या अशा त्रुटी सर्वोच्च न्यायालयापुढं मांडल्या. त्यावर २००४ मध्ये आदेश निघाला : समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानायचा. दुसरी फेरी बंद. २०१२ मध्ये याच याचिकेवर सविस्तर निकाल आला. पुढच्या वर्षी संसदेनं कायदा केला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला. आपण बोलताना त्याला पॉश कायदा म्हणतो.

समितीत कोण बसतं

दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथं अंतर्गत समिती सक्तीची आहे. साखर कारखाना, सूतगिरणी, कॉलेज, बँक, रुग्णालय, कशालाही सूट नाही. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला हवी, एकूण सदस्यांत निम्म्या तरी महिला हव्यात, आणि एक सदस्य बाहेरचा हवा, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतला.

हा बाहेरचा सदस्य फार महत्त्वाचा. बाकी सगळ्यांचा पगार त्याच संस्थेतून येतो. अध्यक्षबाई कितीही वरिष्ठ असल्या तरी आरोप असलेले साहेब त्यांच्याही वरचे असू शकतात. सत्तेच्या त्या उतरंडीत न बसणारी व्यक्ती एकच. नियमांत तिला बैठकीचा भत्ता दिवसाला २०० रुपये, वर प्रवासखर्च ठेवलाय. तासगावात बेदाणा निवडणाऱ्या बाईचा रोजही याहून जास्त आहे. एवढ्या भत्त्यात मिळेल त्याचं नाव टाकून जागा भरली जाते आणि समिती फलकावर सुखानं नांदते.

त्रास देणारा माणूस आपल्या कार्यालयातला नसेल तर? रुग्णालयात पोलीस येतात, शाळेत अधिकारी येतात, बँकेत मोठे खातेदार येतात. कामाच्या निमित्तानं संपर्कात येणाऱ्या अशा माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवणं हे कायद्यानं मालकाचं कर्तव्य आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक गाठ सोडवली : आरोप दुसऱ्या खात्यातल्या माणसावर असला, तरी बाई आपल्या स्वतःच्या कार्यालयातल्या समितीकडे तक्रार करू शकते. त्याच्या ऑफिसच्या पायऱ्या चढायची तिला गरज नाही.

चौकट : तक्रारीचा कागद

तक्रार साध्या मराठीत, हातानं लिहिली तरी चालते. काय घडलं, कधी, कुठं, कुणासमोर, आणि आपण नाही म्हटल्यावर काय बदललं, हे क्रमानं लिहावं. नियमानुसार सहा प्रती आणि साक्षीदारांची नावं जोडावीत. स्वतः लिहिणं शक्य नसेल तर समितीनं मदत करायची असते. मेसेज खोडू नयेत. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, ड्यूटी चार्टचे फोटो, नामंजूर रजेचे अर्ज घरी ठेवावेत, ऑफिसच्या कपाटात नव्हे. तक्रार दिल्याची पोच घ्यावी. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते. महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा १५१००. तातडीची मदत ११२, महिला हेल्पलाइन १८१. मन फार खचलं असेल तर टेलि-मानस १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

चेअरमनच साहेब असतील तर

आपल्या भागात मोठ्या कंपन्या मोजक्या. बाया काम करतात त्या जागा म्हणजे पाच-सहा जणांची पतसंस्था, कापडदुकान, दवाखाना, महाबळेश्वर-पाचगणीतली लहान हॉटेलं, वकिलाचं ऑफिस, कुणाच्या घरची धुणीभांडी. तिथं अंतर्गत समिती नसते. शिवाय आरोप खुद्द मालकावर असेल, तर त्यानंच नेमलेल्या समितीनं त्याची चौकशी करणं म्हणजे थट्टाच. या दोन्ही प्रसंगांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती आहे. ती मालकाच्या अखत्यारीत नसते, जिल्हा अधिकारी ती नेमतो. सातारा किंवा सांगलीत तिची माहिती काढायची तर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून सुरुवात करावी.

जत किंवा आटपाडीहून सांगली गाठायची, पाटण किंवा माणमधून सातारा गाठायचा, म्हणजे दिवसाचा रोज बुडतो आणि घरी काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. म्हणून कायद्यानं तालुक्याला एक नोडल अधिकारी ठेवलाय. त्यानं तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत स्थानिक समितीकडे पाठवायची. हे पद कागदावर २०१३ पासून आहे. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना तारखा घालून द्याव्या लागल्या : जिल्हा अधिकारी नेमा, समित्या करा, नोडल अधिकारी नेमा. अकरा वर्षं या खुर्च्यांचं काय चाललं होतं, हे वेगळं सांगायला नको.

घरकाम करणाऱ्या बाईच्या बाबतीत एक पायरी जास्त आहे. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं, तर स्थानिक समितीनं सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची असते.

तीन महिन्यांचं घड्याळ

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. घटना एकापाठोपाठ घडत असतील तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, त्यापुढं नाही.

साहेबाच्या प्रकरणात या घड्याळाची एक गोम आहे. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेनं कुलगुरूंविरुद्ध तक्रार केली होती. छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ मधली, तक्रार डिसेंबरमधली. मधल्या काळात आपल्याला पदावरून काढलं, तोही त्याच छळाचा भाग, असं तिचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. ती प्रशासकीय कारवाई होती, लैंगिक छळ नव्हता, म्हणून तक्रार मुदतीबाहेर गेली, असा निकाल दिला. त्याच वेळी न्यायालयानं हेही सांगितलं, की हा निकाल त्या कुलगुरूंच्या बायोडेटाचा भाग असला पाहिजे. माझ्या मते हा दंड अनोखा असला तरी अपुरा आहे. सूड रजा-बदलीच्या रूपातच येतो हे कायदाच ओळखतो, मग घड्याळ मात्र तो सूड मोजत नाही, हे पटायला जड जातं. पण आजचा कायदा तो आहे. चार्ट बदलला म्हणून मुदत वाढली, असं धरून चालू नये.

"मिटवून घ्या की, मॅडम"

तक्रार गेल्याचं कळलं की पहिला निरोप बहुधा हाच येतो. कुणी नातेवाईक, कुणी संचालक, कुणी गावातला जाणता. "नाव निघेल, पोरीचं लग्न व्हायचंय, त्यांनाही बायकापोरं आहेत." यात कधी पाकीटही असतं. कायद्यात समेट आहे, पण त्याचं दार एकाच बाजूनं उघडतं : चौकशीपूर्वी तिनं स्वतः मागितला तरच. आणि तो पैशावर होऊ शकत नाही. लेखी माफी, बदली, हमी अशा अटी चालतात. साहेबानं अट मोडली तर चौकशी सुरू होते.

समेट नको असेल तर समिती दोघांचंही ऐकते. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, यासाठी तिला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. वकील मात्र कुणालाच आणता येत नाही. पुराव्याची पट्टी फौजदारी खटल्याइतकी उंच नसते. दोन्ही बाजू पाहता कुणाचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त, एवढं तोलायचं. "मेसेज पाठवताना कुणी पाहिलं का?" असं विचारून तक्रार फेटाळणाऱ्या समितीला आपलं काम कळलेलं नाही. आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी, असंही नाही. दुष्ट हेतूनं खोटी तक्रार केल्याचं वेगळ्या चौकशीत सिद्ध झालं, तरच तिच्यावर कारवाई होते.

चौकशी ९० दिवसांत संपवायची, त्यानंतर अहवाल दहा दिवसांत आणि मालकानं कारवाई साठ दिवसांत करायची. लवकर होणं चांगलंच, पण उरकून टाकणं घातक. गोवा विद्यापीठात एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी २००९ मध्ये तक्रारी केल्या. समितीनं काही दिवसांतच बैठकांवर बैठका घेऊन चौकशी आटोपली, आरोपीला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही. बडतर्फी झाली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी! साहेबाला बाजू मांडायची पूर्ण संधी देणं हे त्याच्यावरचे उपकार नव्हेत. तक्रारदार बाईचा निकाल पुढं टिकावा म्हणून ते लागतं.

पोलिसांचा रस्ता या सगळ्याला समांतर असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ नुसार लैंगिक छळ हा गुन्हा आहे. नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी किंवा इच्छेविरुद्ध अश्लील चित्रं दाखवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत, तर शेरेबाजीसाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. समितीची तीन महिन्यांची मुदत तिथं लागू नाही, आणि समितीकडे गेलं म्हणून पोलिसांकडे जाता येत नाही असंही नाही. उलट बाईला गुन्हा नोंदवायचा असेल तर तिला मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे.

उसाच्या फडात

एवढी सगळी यंत्रणा नोटीस बोर्ड, हजेरीपट आणि टपालाची पोच असलेल्या जागेसाठी बेतलेली आहे. कृष्णेच्या काठानं दिवाळीच्या आसपास ज्या टोळ्या उतरतात, त्यांच्याकडे यातलं काहीच नसतं. बीडकडून नवरा-बायको मिळून एक 'कोयता' येतो. उचल घेतलेली असते नवऱ्यानं, हिशेब असतो मुकादमाकडे, बाईचं नाव बहुधा कुठल्याच कागदावर नसतं. तिचा साहेब म्हणजे मुकादम. त्याच्या हातात ड्यूटी चार्टपेक्षा मोठी गोष्ट आहे : न फिटलेली उचल. ती तक्रार करील तर नुसती तिची मजुरी जाणार नाही, सगळं कुटुंब कर्जात अडकेल.

कायद्याच्या भाषेत ती बाहेर नाही. ठेकेदारामार्फत आणलेला कामगारही कामगार आहे, असंघटित क्षेत्रही त्यात आहे, आणि कामानिमित्त जावं लागतं ती जागाही कामाची जागाच. म्हणजे फड आला, कोप्यांचा तळ आला, उसाची गाडीही आली. पण मार्च-एप्रिलला पट्टा पडला, हंगाम संपला की ती गावी जाते. घटना घडली सातारा-सांगलीत, तीन महिन्यांचं घड्याळ चालू, आणि ती दोन-तीन जिल्हे पलीकडे.

कारखान्यांना यात करता येण्यासारखं बरंच आहे. मुकादमाशी दर हंगामात करार होतोच, त्यात छळाच्या तक्रारीची अट घालायला वेगळा कायदा लागत नाही. तक्रार आली तर त्या कोयत्याचा हिशेब मुकादमाकडून काढून थेट शेतकी ऑफिसनं बघायचा, म्हणजे उचलीचा धाक निदान चौकशीपुरता सुटेल. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन फलकावर लावणं सक्तीचं आहेच. पण तो फलक आज लागतो कारखान्याच्या ऑफिसात, फार तर वजनकाट्याजवळ. काट्यावर बहुतेक वेळा गाडीवान किंवा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर येतो, बाई तेव्हा कोपीवर भाकरी थापत असते. फलक लावायचा तर तळावरच्या पाण्याच्या टाकीवर लावा, आणि वाचता न येणाऱ्या बाईसाठी आठवड्यातून एकदा समितीतल्या बाहेरच्या सदस्याला तिथं पाठवा, मुकादम काट्यावर गेलेला असेल त्या वेळी.